काकूचं अर्धं वाक्य

माझी काकू एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात काम करायची. तळघर म्हटलं की अंधार डोळ्यांपुढे येतो, पण तिथे डोळे दिपतील इतका लख्ख उजेड असायचा. डाग दिसायला उजेड लागतो. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल एका पत्र्याच्या बोगद्यातून धप्पकन खाली येऊन पडत आणि बायका त्यांचे ढीग वेगळे करत. काकू असायची चादरींच्या रोलरवर. ओलसर चादर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम, कोऱ्या कागदासारखी बाहेर यायची. तिच्या हातांना त्या उष्णतेची इतकी सवय झाली होती, की घरीसुद्धा ती गरम भांडं फडक्याशिवाय उचलायची. आजी दर वेळी ओरडायची, "अगं, हात आहेत की सांडशी?"

मुलं शाळेत जाऊ लागल्यावर तिने ही नोकरी धरली होती. माझी आई म्हणते, काकू कामाला लागली तेव्हापासून रस्त्यातून वेगळी चालायला लागली. भरभर नाही. पोचायचं ठिकाण असलेल्या माणसासारखी.

मग ती वाफ छातीत जाऊन बसली. आधी सकाळी थोडा खोकला, मग जिना चढताना, मग बोलताबोलता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, वाफ बंद. काकू दवाखान्यातून बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून कामावर गेली. तिने घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची वेळ हॉटेलनेच आणली. चादरी-टॉवेल धुवायचं काम शहराबाहेरच्या एका मोठ्या धुलाई कारखान्याला द्यायचं ठरलं. तळघरातली यंत्रं विकली जाणार होती. बायकांना त्या कारखान्यात काम मिळणार होतं. पण तिथे तर नुसती वाफच वाफ.

हॉटेलात एकच जागा उरत होती. पाहुण्यांचे स्वतःचे कपडे घेणारा, चिठ्ठी बांधणारा आणि परत देणारा छोटा काउंटर, वर, रिसेप्शनच्या शेजारी. दिवसपाळीला एकच माणूस. कपडे कळायला हवेत आणि पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता यायला हवं. ज्यांना हवं त्यांनी परीक्षा द्यावी.

"एक तर वर, नाहीतर घरी," काकूने त्या संध्याकाळी जाहीर केलं.

काका टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाले, "तू आणि इंग्लिश? आईशी तुझं आपल्या भाषेतसुद्धा जमत नाही!"

"मला ऐकू येतं बरं का," आतून आजी म्हणाली.

काकू हसली नाही. नंतर भांडी विसळताना मला म्हणाली, "मला घर आवडतं गं. पण मला घरी परत यायला आवडतं. दिवसभर घरातच बसले, तर परत यायचं कुठून?"

आधी तिने मलाच धरलं. मी साहित्य शिकणारी, म्हणजे मला भाषा येणारच असा तिचा समज. मी तिला कर्ता, क्रियापद, उभयान्वयी अव्ययं समजावू लागले. ती मान डोलवत राहिली आणि मान डोलवता डोलवताच झोपून गेली. जाग आल्यावर माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "छान शिकवतेस. पण हे सगळं बोलतं कोण?"

म्हणून मग ऑपरेटरबाई.

ऑपरेटरबाई त्याच हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झालेल्या. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत त्या संध्याकाळी बोलण्याचा वर्ग घ्यायच्या. खोलीत चार बाकं, एक फळा, आणि खालून येणारा वंगणाचा वास. त्यांचं 'हॅलो' ऐकलं की वाटायचं, आता आपल्याला हवा तो माणूस फोनवर येणारच. आयुष्यभर लोकांना जोडून दिल्यामुळे त्यांचं एक ठाम मत होतं: बोलणं एकट्याने शिकता येत नाही. "लाइनला दोन टोकं लागतात," त्या म्हणायच्या. "एकाच टोकाने बोलतो तो वेडा, नाहीतर पुढारी."

काकू एकटी जायला घाबरत होती, म्हणून तिने सोबतीला रफूवालीला ओढलं. रफूवाली हॉटेलातच असायची, तळघराच्या टोकाच्या खोलीत. निघालेली बटणं, उसवलेल्या शिवणी, पडद्यांची भोकं सगळं तिच्याकडे. तिच्या नोकरीला धक्का नव्हता, कारण त्या कारखान्यात कुणाला रफू येत नव्हता. "मला काय करायचंय इंग्लिश?" ती म्हणाली होती. "माझं गिऱ्हाईक पडदा. तो काय बोलणार?" पण गेली. आणि कायम उशिरा गेली.

मी एकदोनदा मागच्या बाकावर बसले होते. त्यातला एक दिवस मला स्वच्छ आठवतो. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते, मध्ये बरंच अंतर ठेवून: आयदर, आणि दूर तिकडे ऑर.

"पुस्तकातलं वाक्य नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या कामावर तुम्ही हे कधी म्हणाल, ते सांगा."

टॅक्सीवाले काका लगेच उठले. "आयदर यू सिट क्वाएट, ऑर आय स्टॉप टॅक्सी."

हॉस्पिटलमधल्या आयाबाई म्हणाल्या, "आयदर यू टेक मेडिसिन, ऑर आय टेल डॉक्टर."

रफूवाली त्याच वेळी दारातून आत येत होती. चप्पल काढता काढता तिने फळा वाचला आणि म्हणाली, "आयदर मी, ऑर माय मदर-इन-लॉ."

वर्ग हसून लोळला. बाईंनी खडू खाली ठेवला. "अहो, तुम्ही शिकायला आलात की भांडायला? सगळ्यांच्या सगळ्या धमक्याच!"

"बाई, असंच असतं ना ते?" काकू म्हणाली. "एक तर हे, नाहीतर ते."

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "खरंय. आपल्याकडे कुणी 'एक तर' म्हटलं, की समोरचा खुर्ची मागे सरकवतो. पुढे काहीतरी फुटणार हे त्याला माहीत असतं. इंग्रजीतही धमकी देतात याच शब्दांनी, नाही असं नाही. पण हॉटेलात मी हे शब्द हजारदा वापरले, आणि एकदाही धमकी द्यायला नाही." त्यांनी कानाशी रिकामी मूठ धरली, जणू हातात रिसिव्हर आहे. "समजा कुणी चिडून मॅनेजरला मागतोय. मॅनेजर समोर बसून हातवारे करतोय की मी नाही, मी नाही. मी काय म्हणायचं? 'नाही' म्हणायचं नाही, आणि खोटंही बोलायचं नाही. मग मी म्हणायचे: सर, यू कॅन आयदर लीव्ह अ मेसेज विथ मी, ऑर आय कॅन आस्क हिम टू कॉल यू बॅक. निरोप ठेवा, किंवा ते तुम्हाला फोन करतील. दोन्हींचा अर्थ एकच, की मॅनेजर आत्ता येत नाही. पण त्या माणसाच्या हातात काहीतरी पडलं. निवड पडली. निम्मा राग तिथेच उतरतो."

"दोन्ही दारं तुम्हीच उघडलेली," टॅक्सीवाले काका म्हणाले.

"हो, पण दोन्ही खरोखर उघडी हवीत. मी निरोप लिहून घेतला नाही, तर ती फसवणूक." त्यांनी फळ्यावरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "आणि ऐका, खऱ्या बोलण्यात हा आयदर निम्म्या वेळा गळून पडतो. घाईत कुणी म्हणतच नाही. हा दुसरा मात्र गळत नाही. सगळं ओझं याच्यावर. 'ऑर' म्हटलात, की पुढे काहीतरी द्यावंच लागतं."

मग त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे ते वाक्य दोन माणसांत वाटून दिलं. एकाने 'आयदर'पासून अर्ध्यापर्यंत म्हणायचं, जोडीदाराने 'ऑर'पासून पुढे. पहिल्याने थांबायचं, जोडीदाराकडे बघायचं, दुसऱ्याने उचलायचं. वेळेवर येणाऱ्याला पहिला भाग, उशिरा येणाऱ्याला दुसरा. त्यामुळे काकूच्या वाट्याला कायम अलीकडचा काठ आला, आणि रफूवालीच्या वाट्याला पलीकडचा.

या वाटणीने काकूची जीभ सैल झाली, हे मात्र खरं. पूर्ण वाक्याला ती भ्यायची. अर्ध्याला नाही. तळघरात यंत्रं अजून चालू होती. दुपारी रोलर थंड व्हायला थांबला, की दोघी मोठी चादर घडी घालायला घ्यायच्या, दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या. काकू म्हणायची, "मॅडम, यू कॅन आयदर वेट हिअर…" आणि चादर घेऊन पुढे यायची. रफूवाली तिचे कोपरे काकूच्या हातात देत म्हणायची, "ऑर वुई सेंड इट टू युवर रूम." घडी पडायची. कधी कंटाळा आला तर रफूवाली मुद्दाम भलतंच जोडायची. "यू कॅन आयदर वेट हिअर…" "ऑर गो होम अँड वॉश युवरसेल्फ!" मग चादर दोघींच्या मध्ये तशीच झुलत राहायची आणि काकूला हसून हसून खोकला लागायचा.

दोन-तीन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "आता अदलाबदल करा. तू 'ऑर'पासून बोल, ही 'आयदर'पासून."

रफूवालीने हात जोडले. "बाई, लग्नानंतर आडनाव बदललं, तेवढं पुरे. आता माझ्या तोंडात हे बसलंय, राहू द्या ना."

बाई हसल्या आणि त्यांनी राहू दिलं. दोघींची जोडी इतकी जमली होती, की इतर लोक आपापली वाक्यं सोडून यांचं ऐकायचे. पुढे बाईंनी हे फार मनाला लावून घेतलं; पण त्या वेळी वर्गात सगळ्यांना तेच हवं होतं.

परीक्षा रिसेप्शनच्या मागच्या खोलीत होती. हाउसकीपिंगच्या मॅडम होत्या आणि रिसेप्शनचे साहेब. पाहुणा म्हणून साहेबच बोलणार होते. काकू इस्त्रीच्या साडीत, केस घट्ट बांधून, खुर्चीच्या कडेवर बसली. चिठ्ठ्या कशा बांधायच्या, कुठला कपडा पाण्यात घालायचा नाही, रेशमाला किती ऊब, हे सगळं मॅडमनी विचारलं आणि काकूने सांगितलं. तिथपर्यंत पाणी शांत होतं.

मग साहेबांनी चेहरा बदलला आणि टेबलावर हात आपटला. "एक्स्क्यूज मी! माय शर्ट इज नॉट रेडी! आय हॅव अ मीटिंग!"

काकूचं वाक्य अगदी जिभेवर होतं. शेकडो चादरींच्या घड्यांमधून आलेलं, गुळगुळीत. ती शांतपणे म्हणाली, "सॉरी सर. यू कॅन आयदर वेट हिअर फॉर टेन मिनिट्स…"

आणि उजवीकडे वळून पाहिलं.

उजवीकडे कुंडीत एक झाड होतं.

ती विसरली नव्हती. तिचं संपलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. साहेब थोडे पुढे झुकले, वाट पाहिली, आणि शेवटी न राहवून त्यांनीच विचारलं, "ऑर?"

तो शब्द कानावर पडला आणि काकूच्या अंगातला सगळा ताण उतरला. वर्गात हा शब्द ऐकला की तिचं काम झालेलं असायचं. ती मोकळं हसली, खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "थँक यू."

मॅडमनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून निसटलंच. साहेबही हसले. काकू दोघांकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं. ती सांगते, "पायाखालची फरशी गेली गं. वाटलं, उठावं आणि सरळ जिना उतरून तळघरात जावं. पण तळघर तरी कुठे उरलं होतं?"

"काय झालं? थांबलात का?" मॅडमनी आपल्या भाषेत विचारलं.

काकूने खरं ते सांगितलं. "मॅडम, माझा पुढचा भाग खाली रफूच्या खोलीत बसलाय."

मग वर्गाची सगळी रीत सांगावी लागली. बाई, बाकं, उशिरा येणारी मैत्रीण. ऐकताना मॅडमचं हसू हळूहळू थांबलं. त्या म्हणाल्या, "काउंटरवर खुर्ची एकच आहे."

"माहीत आहे मॅडम."

"मग दोन्ही भाग तुम्हालाच बोलावे लागतील. अजून एकदा बघू?"

काकूने होकारार्थी मान हलवली. नको म्हणायला तिच्याकडे कुठलंच दुसरं दार नव्हतं.

साहेबांनी या वेळी अंगातलं जॅकेट काढून टेबलावर टाकलं. कॉलर झटकत, नाक वर करत म्हणाले, "लुक अॅट धिस! युवर लाँड्री मेड अ होल!"

काकूने जॅकेट उचललं. एवढ्या वर्षांची सवय. कापड हातात आलं की ती उलटंसुलटं करून बघणारच. बाहीच्या टोकाला खरोखर एक भोक होतं, मसुराच्या दाण्याएवढं, कडा कडक झालेली. ठिणगी उडालेली. धुलाईत पडलेलं भोक असं नसतं. ते सांगायचा तिला मोह झाला, आणि तिने तो गिळला. भोक कुणी पाडलं यावर बोललं, की भांडण सुरू. तिला एकदम आजी आठवली. संध्याकाळची गोळी. 'गोळी घ्या' म्हटलं तर आजी कधीच घेत नाही. काकू विचारते, 'दुधाबरोबर की पाण्याबरोबर?' आणि आजी कुरकुरत म्हणते, 'पाण्याबरोबर.'

"सर," काकू म्हणाली, "यस, होल इज हिअर. यू कॅन आयदर टेक इट टुडे, लाइक धिस…"

ती थांबली. उजवीकडे मात्र पाहिलं नाही. हातातली बाही तिने उलटी केली. आत दुमडलेलं कापड भरपूर होतं, तोच रंग, तोच धागा. तिचं बोट त्या दुमडीवर थांबलं.

"ऑर," ती म्हणाली. तो शब्द तिने स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "ऑर… माय फ्रेंड. शी इज डाउन. व्हेरी गुड हँड. शी टेक थ्रेड फ्रॉम हिअर, इनसाइड. क्लोज होल. नोबडी सी. बट टुमॉरो. नॉट टुडे."

साहेबांचा पाहुणा कुठल्याकुठे पळाला. ते खुर्चीवरून उठून बाहीपाशी आले. "खरंच होईल? नाही, म्हणजे खरंच विचारतोय. बायकोने दिलंय हो हे. महिनाभर मी बाही दुमडून फिरतोय."

"साहेब, तुम्ही अजून पाहुणे आहात," मॅडम म्हणाल्या.

"हो, हो. आयल टेक टुमॉरो," साहेब गडबडीने म्हणाले आणि पुन्हा बसले. जॅकेट मात्र त्यांनी काकूच्या हातातून घेतलं नाही.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "इंग्रजी लंगडं आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"महिनाभर बसून बघा. जमलं तर कायम. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल, मी आधीच सांगते."

काकू जिना उतरली ती जॅकेट हातावर घेऊनच. रफूवाली दिव्याखाली पडदा धरून बसली होती. काकूने सगळं सांगितलं, कुंडीसकट. रफूवाली ऐकता ऐकता इतकी हसली, की सुई बोटात गेली. मग बोट तोंडात धरून म्हणाली, "म्हणजे माझा भाग तू बोललीस."

"बोलले."

"आणि वर मलाच काम लावून आलीस."

"लावलं."

"वा! घ्या! मैत्रीण म्हणून सोबतीला गेले, तर ही बया माझं वाक्य पळवते आणि माझ्या डोक्यावर जॅकेट आणून आपटते." तिने बाही दिव्याकडे धरली, भोकातून एक डोळा लावून काकूकडे पाहिलं. "होईल. उद्या सकाळी ने. आणि ऐक, तुझा अलीकडचा भाग मला शिकव आता. नाहीतर मी जन्मभर कुणी सुरुवात करायची वाट बघत बसेन."

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी फळा पुसला. "चूक माझी," म्हणाल्या. "लाइनला दोन टोकं लागतात, हे शिकवलं. पण प्रत्येकाला दोन्ही टोकांना बसता आलं पाहिजे, हे राहिलं." त्या दिवसापासून वर्गात दर आठवड्याला बाकं बदलू लागली. टॅक्सीवाले काका कुरकुरले, पण बदलले.

काकूचा पहिला दिवस सोमवारी. काउंटर म्हणजे एक उंच लाकडी फळी, मागे दांड्यावर लटकवलेले कपडे, भिंतीवर घड्याळ, आणि वाफ नाही. काकू सांगते, पहिली गोष्ट तिला जाणवली ती थंडी. हातांना काय करायचं ते कळेना. त्यांना गरम काही धरायला नव्हतं. तिने चिठ्ठ्यांचे दोरे सारखे केले. पुन्हा सारखे केले. रिसेप्शनवर मॅडम कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या आणि अधूनमधून इकडे बघत होत्या.

पहिली पाहुणी आली ती एक म्हातारी बाई. पांढरे आखूड केस, खांद्यावर शाल, हातात गडद निळा झगा. काकूने पाठ केल्याप्रमाणे म्हटलं, "गुड मॉर्निंग मॅम. हाऊ कॅन आय हेल्प यू?"

म्हातारीने मान हलवली. मग काहीतरी बोलली. ती भाषा आमची नव्हती आणि इंग्रजीही नव्हती. काकूने कधी न ऐकलेले, घशातून येणारे गोल गोल शब्द. काकूने आणखी एक इंग्रजी वाक्य काढलं, म्हातारीने आणखी एकदा मान हलवली, या वेळी ओशाळून, जणू चूक तिचीच. तिने झगा फळीवर पसरला आणि खालची कड दाखवली. वीतभर शिवण उसवली होती.

एवढे महिने घोकलेली सगळी वाक्यं काकूच्या घशाशी उभी होती, आणि त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. रिसेप्शनवरून मॅडम आता सरळ इकडेच बघत होत्या.

काकू काउंटरच्या मागून बाहेर आली.

तिने डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने हवेत शिवून दाखवलं: मोठे मोठे, भरभर टाके. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि हवेतच काटा थोडासा पुढे सरकवला. आज, दुपारी. मग तो हात तिने बाजूला ठेवला, अगदी एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि दुसरा पुढे केला. त्यावर बारीक, जवळजवळ, सावकाश टाके. ते झाल्यावर दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले, थोडं घोरली, आणि दचकून जागी झाल्यासारखे डोळे उघडले. उद्या, सकाळी. मग दोन्ही तळवे उघडे करून तिने म्हातारीपुढे धरले. हा घ्या, किंवा हा.

म्हातारी त्या दोन हातांकडे बघत राहिली. रोलरच्या उष्णतेने कडक झालेले, रेषा पुसट झालेले तळवे. तिने झग्याच्या कडेवरून बोट फिरवलं, विचार केला. मग तिने आपला स्वतःचा गाल तळव्यावर टेकवला, डोळे मिटले, आणि काकूपेक्षा मोठ्याने घोरली.

दोघी इतक्या हसल्या, की रिसेप्शनवरचे लोक वळून बघू लागले. साहेबही बघत होते, जॅकेटच्या दोन्ही बाह्या पूर्ण सरळ करून. मॅडमनी फोन उचलला आणि भांडाराला सांगितलं, की लाँड्रीच्या काउंटरसाठी नावाची पट्टी करायला टाका. तशी पट्टी फक्त कायम माणसांना मिळते. महिना संपायला तेव्हा पूर्ण महिना बाकी होता.

काकूला ते ऐकू आलं नाही. तिने झग्याला चिठ्ठी बांधली, तो मागच्या दांड्यावर लावला, म्हातारीला वाकून नमस्कार केला. मग पुन्हा फळीमागे जाऊन उभी राहिली, कारण तोवर हातात शर्टांचा गठ्ठा घेतलेला एक उंच माणूस येऊन थांबला होता, आणि त्याच्या कपाळावर आधीच आठी होती.